गावाचा सीए

राणीसावरगावात पोरानं बी.कॉम.ला नाव घातलं की त्याच दिवशी तो सीए होतो. खऱ्या सीएच्या परीक्षा, त्यात घासली जाणारी वर्षं, हा पुण्या-मुंबईकडचा प्रकार. इथं कंपाउंडर तो डॉक्टर, डी.एड. तो गुरुजी आणि बी.कॉम. तो सीए, असा सरळ हिशेब आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून निघालं. त्याला पदवी द्यायला तीन वर्षं लागतात. गाव ती पानटपरीवर उभ्याउभ्या देतं, वर चुनाही लावून देतं.

सीए ओळखायला अवघड नाही. सकाळच्या गंगाखेडच्या एसटीत मागच्या सीटवर जो पास हातात धरून एका दिवसाचं भाडं किती पडलं ते काढत असतो, तो सीए. पाठीवरच्या सॅकमध्ये एक दोनशे पानी वही, एक गाईड आणि कालची भाकरी. सायंटिफिक कॅल्क्युलेटर मात्र सॅकमध्ये नसतो. तो शर्टाच्या खिशात, अर्धा बाहेर. त्यावरच्या साइन-कॉस-टॅनचा त्याच्या जन्माशी काही संबंध यायचा नाही, पण साध्या कॅल्क्युलेटरवर वाण्याचा पोरगाही हिशेब करतो. मग सीएत आणि वाण्यात फरक काय राहिला?

पहिल्या वर्षी सीए निरुपद्रवी असतो. डेबिट-क्रेडिट चाललेलं असतं. आईनं शंभराची नोट दिली की "डेबिट द रिसीव्हर" म्हणतो, आई "पिशवी घेऊन जा" म्हणते, विषय संपतो. खरा धोका दुसऱ्या वर्षापासून. तिथं फायनान्स नावाचा पेपर लागतो, आणि आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा असतो हे त्याला समजतं. हे समजलेला मनुष्य घरात ठेवणं सोपं नाही. दिवाळीत घ्यायचा शर्ट तो पोळ्यालाच मागतो.

पहिली झुंज आज्याशी होते. सीए बाजेवर बसून सांगतो, "आबा, बहात्तरला व्याजाच्या दरानं भागलं की पैसे किती दिवसांत डबल होतेत ते निघतं. भारी फॉर्म्युला हाय."

आबा तंबाखू मळत विचारतात, "शेकडा तीन महिन्याला. सांग."

सीए खिशातून यंत्र काढेपर्यंत आबा मोकळे. "साधं व्याज असलं तर तेहतीस महिनं. व्याजाला व्याज असलं तर दोन सालं."

सीए बटणं दाबतो. "तेवीस पूर्णांक पंचेचाळीस महिने, आबा. दोन सालं नाही."

"तेवढा पंधरवडा सावकार आपल्याला कशाला सोडंल?"

सीएला हे ठाऊक नसतं की आपल्याकडच्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, असा. आबांना ठाऊक असतं, कारण तो मोडलेला त्यांनी पाहिलेला असतो. 2014मध्ये सावकारीवर नवा कायदा आला, परवान्याचे नवे नियम आले, दर नव्यानं ठरले. आबा म्हणतात, आता फक्त वही उंबऱ्याच्या आत गेली.

दुसरा पेपर म्हशीचा. पुस्तकात उदाहरण असं : एक लाखाची मशीन, पाच वर्षं दरसाल तीस हजारांचं उत्पन्न, दर दहा टक्के. घ्यावी की न घ्यावी? सीएनं मशीन खोडून तिथं म्हैस लिहिली. तीन पूर्णांक सातशे एक्क्याण्णवनं गुणलं, लाख वजा केले, आणि म्हैस 13,730 रुपयांनी फायद्यात आहे असं घरात जाहीर केलं. आजीनं चुलीपुढून विचारलं, "भाकड काळ धरलास का?"

"सर म्हणले, कॅश फ्लो दरसाल सारखा धरायचा."

"रेडकू मेलं अन् म्हशीनं पान्हा चोरला तर?"

"ते रिस्क, आजी. ते पुढच्या युनिटला हाय."

"मंग म्हैस बी पुढच्या युनिटलाच घे."

रिस्कचं युनिट यायला श्रावण उजाडतो. त्यात हॅरी मार्कोविट्झ भेटतो. सगळा पैसा एकाच ठिकाणी गुंतवू नये, आणि ज्या गोष्टी एकदमच बुडतात त्या दोन घेऊन उपयोग नाही, हे त्यानं 1952मध्ये गणितानं मांडलं आणि 1990मध्ये त्याला नोबेल मिळालं. सीए भारावून जातो. बांधावर उभा राहून बापाला मार्कोविट्झ समजावतो. बाप त्या वेळी सोयाबीनच्या चार तासांनंतर दोन तासं तुरीची धरलेल्या रानात कोळपं धरून चाललेला असतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं, तूर मागून येते. पावसानं एकाला दगा दिला तर दुसरं हाती लागतं. डोंगरपट्ट्यातल्या हलक्या रानात एकट्या सोयाबीनवर जीव टाकायची कुणाची छाती नाही. बाप सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "हुशार हाय माणूस. रान किती हाय त्याला?"

पण बापाचा स्वतःचा एक वीक पॉइंट असतो, आणि तिथं सीए बरोबर बोट ठेवतो. 2021च्या ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तो आकडा बापाच्या डोक्यातून निघत नाही. 2024ला हमीभाव 4,892 आणि बाजारात चार हजारांच्या आगेमागे; तरी पोती घरात, थप्पीला. "वाढंल," बाप म्हणतो. सीए सांगतो की पोत्यात पैसा अडकला, तिकडं उसन्याचं व्याज चालू, वजनात घट येते ती वेगळीच. सगळं खरं असतं. बाप म्हणतो, "मागच्या साली तुझं ऐकून इकलं अन् आठ दिवसात दोनशेनं वाढलं." एका उदाहरणानं सिद्धांत मोडत नाही, असं सीएनं वहीत लिहिलेलं असतं. बापानं वही वाचलेली नसते.

मार्च महिन्यात मात्र सीए पुरता आडवा होतो. पीककर्जाचा हंगाम संपत येतो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी. मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सूट, आणि उरलेलं राज्याच्या पंजाबराव देशमुख सवलतीतून, म्हणजे व्याज शून्य. मुदतीत नाही फेडलं तर शून्याचे सात होतात आणि नवं कर्ज अडतं. म्हणून 31 मार्चच्या आत गावोगावी 'नवं-जुनं' चालतं. बाप कुणाकडून तरी चार दिवसांसाठी दोन लाख उचलतो, बँकेत भरतो, नवं कर्ज मंजूर करून घेतो, त्याचे त्याला परत देतो. चार दिवसांचे शेकडा दोन.

सीए कॅल्क्युलेटर काढतो आणि अंगणात किंचाळतो, "बाबा, चार दिवसाला दोन टक्के म्हणजे वर्षाला एकशे ब्याऐंशी टक्के!"

बाप टोपी नीट करतो. "वरीसभर कोण घेतंय? चारच दिवस पायजेत. चार हजार जातेत. नाही भरलं तर सात टक्क्यानं चौदा हजार जातेत. अन् खरिपाला हात कुणापुढं पसरू?"

सीए वही उघडतो. चार हजार एका बाजूला, चौदा हजार दुसऱ्या बाजूला. बापाचं निव्वळ वर्तमान मूल्य दहा हजारांनी धन येतं. ते सीए दोनदा तपासून बघतो आणि वही मिटतो. विद्यापीठाच्या पेपरात या गणिताला दहा गुण पडले असते. बापाला अंगठ्याशेजारी सही करून चार तास बँकेच्या रांगेत उभं राहावं लागतं.

अशा घरात राहून सीएला वाटतं की आपली कदर बाहेर आहे. तो मोबाइलवर डीमॅट उघडतो. शेअर घेऊन दहा वर्षं थांबायचं हे मास्तरांनी सांगितलेलं असतं; सीए ऑप्शन घेतो, आठवडाभर थांबतो. सप्टेंबर 2024मध्ये सेबीनं सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभर साध्या माणसांपैकी त्र्याण्णव जण तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. ही बातमी सीएनंच पारावर वाचून दाखवली आणि वर म्हणाला, "राहिलेल्या सातात कोण असंल, वळखा." महिन्याभरानं युरियाच्या पैशातले तीन हजार सापडेनात, तेव्हा गावानं वळखलं.

परीक्षेत कुठलाही प्रश्न येवो, सीएचं उत्तर 'फायनान्स इज द लाइफब्लड ऑफ बिझनेस' इथूनच निघतं. खाली अंडरलाइन. मग पुरवणी. उचल ही चालू देणी या सदरात धरावी, कारण ती वर्षभरात फिटते, असंही तो लिहून येतो. त्याच्या वर्गातल्या एका पोराची जागा दिवाळीनंतर रिकामी असते. आई-बापाबरोबर तो कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला. मुकादमाच्या वहीतली उचल बापाकडून पोराकडं आलेली असते. तिला कुठल्या सदरात घालायचं, हे गाईडात नाही.

एक गोष्ट मात्र सीएला खरंच येते आणि गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. गंगाखेडला दुचाकीच्या शोरूममध्ये टेबलामागचा पोरगा "फ्लॅट बारा टक्के" म्हणतो. साठ हजारांचं कर्ज, वर्षाचं व्याज 7,200, बारा हप्ते, महिन्याला 5,600. शेजारचा गडी खूश, "वर्षाला बारा, महिन्याला एक. सावकाराच्या तिसरा हिस्सा." सीए त्याला थांबवतो. "दादा, सहा महिन्यांनी निम्मं मुद्दल फिटलं. तरी व्याज पुऱ्या साठ हजारांवर कामून द्यायचं? खरा दर साडेएकवीस पडतो." दादा मान डोलावतो, विचार करतो आणि गाडीचा रंग निवडतो.

पदवी मिळते. बँकेची परीक्षा दोनदा होते, तलाठी भरती एकदा. मग एक दिवस मायक्रोफायनान्सची जाहिरात येते : पदवीधर, वय अठ्ठावीसच्या आत, स्वतःची दुचाकी आवश्यक. सीए गंगाखेडला जातो आणि दुचाकी घेतो. फ्लॅट बारानं.

आता तो मंगळवारी सकाळी आठला गावात येतो, निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. सीए म्हणायचं लोकांनी सोडलं; पोरं गल्लीच्या तोंडाला ओरडतात, "फायनान्सवाला आला!" वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आतलं घर, तारण नाही, सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जायला नको, हे रिझर्व्ह बँकेचे 2022चे नियम त्याला पाठ असतात. ओट्यावर बायका ओळीनं बसतात. पहिलीच त्याची चुलती.

"सर," ती मुद्दाम म्हणते, "तुमचा दर फ्लॅट का घटता?"

सीए लाजतो. "घटत्या बाकीवर, काकू. चोवीस."

"म्हंजी महिन्याला दोन. आमचा बचत गट बी दोनच घेतो."

"व्हय."

"पण गटाचं व्याज वरीसअखेर आमच्यातच वाटून येतंय. तुझं कुठं जातंय?"

"कंपनीला. म्हणजे शेअरहोल्डरला."

"ते कोण?"

तीन वर्षांत त्याला कुणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. तो पायरीवर बसतो. भांडवल म्हणजे काय, त्याचे लहान लहान भाग कसे करतात, नफा कसा वाटतात, तोटा कुणाच्या माथी येतो, सगळं सांगतो. गाईड नाही, अंडरलाइन नाही. ओट्यावरच्या बायका हूं की चूं न करता ऐकतात. शेवटी काकू म्हणतात, "म्हंजी त्येंचा बी गटच हाय."

"तसंच म्हणा."

"आमच्यापेक्षा मोठा."

"लई मोठा."

"मंग आम्हाला त्येंच्या गटात घे की. हितं कशाला बसवलंस?"

"काकू, त्याला डीमॅट लागतं."

"तुझं हाय ना? मंग आमचं बी उघड. हप्ता फुडच्या मंगळवारी."