विकासक महाशयांस अनावृत पत्र

परम आदरणीय विकासक महाशय यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गिरणीच्या जागेवर आपण भव्य संकुल उभारलंत. खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर घरं आणि या सगळ्यांच्या मधोमध लोकांसाठी उद्यान-चौक! आम्हा गिरणगावकरांना आभार मानायला शब्द कमी पडतात. चौकात पाऊल टाकताच ‘कुणाकडे जायचंय?’ असं पहारेकरी आपुलकीने विचारतो. बागेत बसायचंय म्हटलं की तो गोंधळतो, कारण त्याच्या वहीत तसा रकाना नाही.

आपल्या दातृत्वाला परंपराही थोर आहे. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, बांधकाम नसलेल्या तुकड्यापुरतीच उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या समितीने 1996 मध्ये गिरणगावाचा एकत्रित आराखडा मांडला होता, तो कागदावरच राहिला. म्हणजे आपण हा चौक दिला नसतात, तरी कुणी आपला हात धरणार नव्हतं. उपकार आहेत.

झाडांच्या निवडीबद्दल तर आपले पाय धुऊन पाणी प्यावं. ओळीने उभे केलेले रॉयल पाम! वैशाखात त्यांची सावली खांबाएवढी पडते, आणि तीही बाकावर न पडता फरशीवर. पण आपला तरी काय इलाज? चौकाखाली गाड्यांची तळघरं आहेत, स्लॅबवर मातीचा पातळ थर. वडा-पिंपळाची मुळं त्यात जाणार कुठे? पावसाचं पाणीही जमिनीत न मुरता नळीवाटे गटारात जातं, आणि गटारं तुंबणं परळच्या रस्त्यांना नवीन नाही. मनोरंजनाची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची, म्हणजे बांधकामाच्या छतावरची, धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये बजावलं होतं. पुढच्या नियमावलीने त्यातला काही भाग पोडियमवर चढवायला वाट करून दिली. त्या वाटेने सर्वांत आधी आपण चढलात, अभिनंदन.

बाक ग्रॅनाइटचे आहेत, त्यांना पाठ नाही. मध्ये लोखंडी दांडे बसवून दमलेल्या माणसाने आडवं होऊ नये याचीही काळजी आपण घेतलीत. हिरवळीवर चालायचं नाही, चेंडू आणायचा नाही, डबा उघडायचा नाही. मुतारी नाही, पाणपोई नाही. कारंजं मात्र आहे.

आणि वेळ! दुपारी बारा ते चार फाटक बंद. नेमक्या त्याच वेळी आपल्याच दुकानांतल्या मुली, आपल्याच संकुलाचे सफाई कामगार, पाठीवर पिशवी घेऊन धावणारी डिलिव्हरीची मुलं टेकायला जागा शोधत असतात. ती रस्त्याच्या कडेला, मोटारसायकलच्या सीटवर जेवतात. महाशय, इथे माझ्याने आपलं कौतुक पुढे रेटवत नाही. मला याचा राग येतो.

फोर्टातलं हॉर्निमन सर्कल आपण पाहिलं असेलच. 1872 मध्ये पुरी झालेली ती गोल बाग. भोवती कचेऱ्या, कमानींखालून चालायची वाट. तिथले भूखंडही नफ्यानेच विकले गेले होते. पण मधली जमीन जमीनच राहिली, म्हणून तिथे मोठाली झाडं झाली आणि त्यांच्याखाली आजही भोवतालच्या कचेऱ्यांतली माणसं दुपारी येऊन बसतात. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांचा अभ्यास करून 1980 साली लिहिलं, की जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. एवढी साधी गोष्ट आपल्या सल्लागारांच्या सादरीकरणात आली नसावी.

तरी हात जोडून मागतो. बारा ते चार फाटक उघडं ठेवा. बाकांमधले दांडे काढा, त्यांना पाठ लावा. मुतारी बांधा, नळ बसवा, डबा खाऊ द्या. मंजूर नकाशात चौकाच्या उत्तर कोपऱ्याखाली तळघर दिसत नाही. तिथे खाली खरी जमीन आहे. तिथली फरशी उखडा आणि करंज, बहावा, एक वड लावा. खड्डे खणायला आम्ही येतो, पहारेकऱ्याला तेवढं सांगून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
फाटकाबाहेरचा एक गिरणगावकर