फुकटचा पट्टा, विकतची क्लिप

निल्स बोलिन हा स्वीडिश इंजिनीयर आधी साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्च्या तयार करायचा. पुढे तो व्होल्वोत गेला आणि माणसाला गाडीबाहेर फेकू न देणारा पट्टा त्यानं बनवला. १९५९ साली गाडीत आलेला तो तीन टोकांचा सीटबेल्ट आजही जवळपास तसाच आहे. व्होल्वोनं त्याचं पेटंट सगळ्या कंपन्यांना खुलं करून टाकलं, छदामही न घेता. त्या कंपनीत हिशेब बघणारं कुणी नव्हतं की काय, देव जाणे.

आम्ही मात्र व्यवहार सोडला नाही. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढे बसणाऱ्यानं पट्टा लावला नाही, की गाडी कोकलू लागली. त्यावर बाजारानं तोडगा काढला: क्लिप. पट्ट्याच्या टोकाचं लोखंडी पातं तेवढं घ्यायचं, पट्टा नाही. ते खाचेत खुपसलं की गाडीला वाटतं, साहेब बांधले गेले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन दुकानांना या क्लिपा हटवायला लावल्या, तेव्हा १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या. त्यातल्या काही क्लिपा चक्क बाटलीचं ओपनर म्हणून विकायला होत्या! बाटलीही उघडायची आणि गाडीचं तोंडही बंद करायचं. प्रवासाची जय्यत तयारी म्हणतात ती हीच.

ज्यांना क्लिपेवर खर्च करणं जिवावर येतं, त्यांच्यासाठी घरगुती उपाय आहेतच. पट्टा आधी खाचेत अडकवावा आणि मग त्याच्यावरच ऐसपैस रेलून बसावं. किंवा चौकात मामा दिसले की पट्टा छातीवर ओढून हातानं धरावा, चेहरा सज्जन ठेवावा आणि चौक ओलांडताच सोडून द्यावा. पट्टा लावायला लागतो त्याच्या दुप्पट मेहनत यात आहे, पण शर्टाची इस्त्री शाबूत राहते.

मागच्या सीटचा तर विषयच काढू नका. तिथले खटके सीटकव्हरखाली गाडले गेलेत. ते शोधायला पुरातत्त्व खात्याचा माणूस लागेल. "मागे कशाला हवाय पट्टा?" असं काका विचारतात. कायदा मागच्यांनाही लागू आहे आणि दंड एक हजार रुपये, हे सांगितलं की काका हसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. ते मागेच बसले होते, पट्ट्याविना. नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही सक्ती जाहीर केली. काकांनी दोन्ही बातम्या मन लावून वाचल्या आणि पेपरची घडी घालून मागच्या सीटवर जाऊन बसले, मोकळेच.

काकांना भौतिकशास्त्राचंही वावडं. साठच्या वेगानं चाललेली गाडी धडकून थांबली, तरी काका थांबत नाहीत. ते साठनंच पुढे जातात, आणि पुढे बसलेली असते काकू. काकूनं पट्टा लावलेला असला तरी पाठीवर आदळणाऱ्या काकांवर तो काय करणार? "पण एअरबॅग आहे ना!" आहे की. ती पट्टा लावलेल्या माणसाच्या हिशेबानं बसवलेली असते. मोकळा माणूस तिच्यावर जाऊन आदळला, तर ती उशी राहत नाही, ठोसा होते. तरी दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातलाय, चाकाखाली लिंबू चिरडलंय. आणखी काय हवं?

आता एकदा जमाखर्च मांडू. क्लिपेला पैसे पडतात. दंडाला हजार जातात. इस्पितळाचं बिल विचारूच नये. पट्टा तेवढा गाडीबरोबर येतो, वेगळी दमडी न मोजता, आणि त्याची कल्पनाही त्या स्वीडिश मंडळींनी जगाला अशीच वाटली. 'फुकट ते पौष्टिक' म्हणत मॉलमधल्या सॅम्पलच्या रांगेत दोनदा उभे राहणारे आम्ही, एवढ्या एकाच फुकट वस्तूला मात्र बाणेदारपणे नकार देतो.