पान लागलं, कोड कुठला?

प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांची शिस्त वाखाणण्यासारखी. त्यांच्या 'सेल ऑन्टॉलॉजी' या पेशींच्या सूचीत सीडी-४ टी पेशीचा क्रमांक ००००६२४. शिवाय तिचं घराणं आणि पोटशाखा लग्नाच्या बायोडेटासारख्या टिपलेल्या. पुण्याची आणि बोस्टनची प्रयोगशाळा एकाच पेशीविषयी बोलत आहेत, हे त्यामुळे संगणकालाही कळतं. आजारांच्या अमेरिकी कोडयादीत तर बदकाने धडक दिल्याचाही स्वतंत्र कोड आहे.

भारतही मागे नाही. २०१४ साली देश 'स्नोमेड सीटी' या वैद्यकीय संज्ञाकोशाचा सदस्य झाला. राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये. साडेतीन लाखांवर संकल्पना, वापर फुकट. फुकट असूनही जिच्यावर झुंबड उडत नाही अशी ही देशातली एकमेव वस्तू असावी.

आता समजा, पावसाळ्यात चांदीप गावच्या बांधावर कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला. घरचे सांगणार, "जनावर चावलं." केसपेपरवर घाईत 'दंश, अज्ञात'. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर इंजेक्शन एकच, मग कुणाचा दंश हे लिहिण्याची तसदी कोण घेणार?

गंमत पुढे आहे. हे इंजेक्शन घोड्याच्या प्रतिपिंडांपासून बनतं. काहींना ते सोसत नाही. अंगावर गांधी उठतात. इम्युनॉलॉजीच्या दृष्टीने सोन्यासारखी नोंद! पण केसपेपरवर शब्द पडतो 'पित्त उठलं'. तो भोळेपणाने संगणकात भरला, की प्रतिकारशक्तीचा हा सगळा थयथयाट पित्ताशयाच्या खड्यांशेजारी जाऊन बसतो, तोही अगदी अचूक कोडासकट.