पाइपलाइनवाल्या ठेकेदार साहेबांस

मा. ठेकेदार साहेब यांस,



प्रथम आपले अभिनंदन. परवा एक मलकापूरकर नातेवाइकाला घेऊन एका खासगी रुग्णालयात गेला. खाटेमागच्या भिंतीत ऑक्सिजनचे नवेकोरे आउटलेट दिसले, म्हणून त्याने सहज विचारले, "या लाइनचा टेस्ट रिपोर्ट बघायला मिळेल का?" काउंटरवरच्या मुलाने मोबाइल पुढे केला. त्यात फीत कापतानाचा फोटो होता. पाहुणे, पेढे आणि कडेला आपण, सगळे हसरे. मलकापूरकर गप्प बसला. फोटो खरोखरच छान आला होता.

(हे मलकापूर शाहूवाडी तालुक्यातले; बुलढाण्याचे किंवा कराडजवळचे नव्हे. गॅसचाही पत्ता चुकला की काय होते, ते पुढे येईलच.)

किरकोळ तक्रारी आधी उरकू. तांब्याचा पाइप आतून तेलविरहित आणि टोके बंद करून येतो. आपली माणसे ग्रीसच्या हाताने तो कापतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेऊ शकतात. सांधा जोडताना आतून नायट्रोजन सोडायचा असतो, नाहीतर पाइपात काळी पापुद्री धरते आणि गॅसबरोबर पुढे सरकते. पण नायट्रोजनचे बाटले महाग. असो.

खरे घोडे पेंड खाते ते चाचणीपाशी. नळाची लाइन टाकली, पाणी आले, काम संपले, असा आपला हिशेब. पाणी आले की दिसते तरी. ऑक्सिजन, भुलीचा नायट्रस ऑक्साइड आणि हवा, तिन्ही दिसायला सारखेच: काहीच नाही. म्हणून एका वेळी एकच गॅस सोडायचा, बाकीच्या लाइन दाबमुक्त ठेवायच्या आणि प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन ॲनालायझर लावून आकडा वाचायचा. टाकीतला द्रव ऑक्सिजन असेल तर 99 टक्क्यांच्या पुढे, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए प्लांटचा असेल तर साधारण 93. हवा असेल तर 21. नायट्रस ऑक्साइड असेल तर जवळपास शून्य. चौथी पास मुलालाही समजेल, साहेब.

इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात हा आकडा कोणी वाचला नाही. मे 2016 मध्ये तिथल्या नुकत्याच सुरू झालेल्या शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजनच्या लाइनमधून नायट्रस ऑक्साइड आला. लागोपाठ दोन दिवसांत दोन मुले गेली. पहिले मूल गेल्यावरही लाइन तपासावी असे कोणाला वाटले नाही, याला काय म्हणायचे? परदेशात असे होत नाही, असे म्हणू नका. सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम्ब रुग्णालयात 2015 मध्ये बसवलेल्या आउटलेटमधून 2016 मध्ये नवजात बाळांना ऑक्सिजनऐवजी तोच गॅस गेला. एक बाळ दगावले, दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. कागद तिथेही पूर्ण होते. सह्या होत्या.

सही करणाऱ्याचे हात थरथरत कसे नाहीत?

तरीही सगळे पाप आपल्याच माथी मारणे बरे नव्हे. उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते, पाइप अजून दुकानात असताना. काम सर्वांत कमी दराच्या निविदेला जाते आणि त्या दरात स्वतंत्र तपासनिसाचे पैसे बसत नाहीत. मग रात्रभर शिडीवर उभे राहून छताखाली सांधे जोडणाऱ्या पोराला सकाळी आठला लाइन चालू करून द्यावीच लागते. काही विपरीत घडले की पहिली अटक बहुधा त्याचीच. त्याच्यासाठी वाईट वाटते, आणि थोडे आपल्यासाठीही.

योग्य गॅस आला, तरी तो अखंड येतो का, हेही तपासावे लागते. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी टाकीला गळती लागली, दाब उतरला. सुरुवातीला 22 आणि नंतर 24 रुग्ण गेल्याचे सांगण्यात आले. मुख्य, दुय्यम आणि राखीव असे तीन स्रोत हवेत, हे मानकांत केव्हाचे लिहिले आहे. दुसरा स्रोत आपोआप चालू होतो का, हे पाहायचे तर पहिला मुद्दाम बंद करावा लागतो. आपण तो कधी बंद करून पाहिलात?

आपला,
एक मलकापूरकर

ता. क. : वाचकहो, तुमच्या गावच्या रुग्णालयात नवी लाइन बसत असेल तर फोटो पाहून परत येऊ नका. प्रत्येक आउटलेटचा क्रमांक, त्यापुढे ॲनालायझरचा आकडा, तारीख आणि ठेकेदाराव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाची तरी सही असलेला कागद मागा. नसेल तर तसे लेखी मागून घ्या.