श्रवणास हरकत नाही

गोवंडीच्या फलाटावर सकाळच्या गर्दीत, पनवेलहून भरून आलेल्या गाडीत निदान एक पाय ठेवावयास मिळावा एवढीच ज्यांची ऐहिक आकांक्षा उरलेली असते अशा जनसमुदायामध्ये, कानांत दोन पांढऱ्या गुंड्या खोवून आणि मुद्रेवर न्यायासनाचे गांभीर्य धारण करून उभे असलेले एक गृहस्थ दिसले, की तेच आमचे शिफारसराव असे खुशाल समजावे. हे त्यांचे बारशाचे नाव नव्हे. परंतु कोटातल्या एका कचेरीत अव्वल कारकुनी करता करता, फावल्या वेळी आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना आणि अगदीच कोणी न सापडल्यास तिकीट तपासनिसालाही पॉडकास्ट सुचविण्याचे जे व्रत त्यांनी अंगीकारले आहे, त्यामुळे मूळ नाव आता रेशनकार्डापुरते उरले आहे.

शिफारसरावांची पहिली अट अशी, की कार्यक्रम स्वतंत्र असला पाहिजे. कंपनीने काढलेला, सजवलेल्या स्टुडिओत दोन ताऱ्यांना समोरासमोर बसवून केलेला कार्यक्रम ते ऐकत नाहीत असे नाही. परंतु त्यावर शेरा मारीत नाहीत. मुंबईचे नभोवाणी केंद्र 1927 साली सुरू झाले तेव्हा ध्वनिक्षेपणास सरकारी परवाना लागे (देवनारची कचराभूमीही त्याच सालची, या योगायोगावरून कोणी काही अनुमान काढू लागल्यास शिफारसराव रागावतात), आणि या शतकाच्या आरंभी इंटरनेटवरच्या आरएसएस नामक खुल्या यादीला ध्वनिफीत जोडण्याची सोय झाल्यामुळे तो परवाना, तो दरवान आणि तो दरवाजा एकदमच निकालात निघाले, हा इतिहास ते चेंबूर येण्यापूर्वी सांगून संपवितात.

दुसरी अट कुकरची. गोवंडीत ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्यास घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचे डंपर, हार्बरच्या गाडीचा भोंगा, पहाटेची अजान आणि शेजारच्या बिऱ्हाडातला मिक्सर या सर्वांची मर्जी सांभाळावी लागते. सबब इथली होतकरू मंडळी मध्यरात्रीनंतर कपाट उघडून टांगलेल्या साड्यांच्या ओळीत तोंड घालून, नाहीतर डोक्यावरून गोधडी घेऊन बोलतात, कारण कापड घुमणारा आवाज पिऊन टाकते. इतके करूनही कुकरची जी शिटी आत शिरते, ती शिफारसरावांच्या दृष्टीने अस्सलपणाची सनद होय. नमुन्यादाखल त्यांनी व्हॉट्सॅपवर धाडलेला एक अभिप्राय पाहावा : ‘विषय : तांबट आळीतील भांडी. भाषा निर्दोष. पाहुण्यास बोलू दिले जाते. चौतिसाव्या मिनिटास कुकरच्या तीन शिट्ट्या. त्या कापलेल्या नाहीत. सबब श्रवणास हरकत नाही.’

कार्यक्रमाची लांबी ते मिनिटांत मोजीत नाहीत, स्थानकांत मोजतात. वडाळ्यापर्यंतचा, कॉटन ग्रीनपर्यंतचा, मशीदपर्यंतचा असे त्यांचे वर्गीकरण. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ 2017 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा भाग वीसेक मिनिटांचा, म्हणजे फार तर वडाळ्याचा असे. पुढे एकेक मुलाखत पाच-सहा तास चालू लागली. गोवंडीहून शिवाजी टर्मिनस सुमारे पाऊण तास धरल्यास सहा तासांच्या एका भागास जाता-येता चार दिवस पडतात, आणि मध्येच किरकोळ रजा आल्यास पाहुण्याचे बालपण सोमवारी व तारुण्य गुरुवारी ऐकावे लागते. या हिशेबावरून सूक्ष्मबुद्धीच्या वाचकास एक शंका येईल : शिफारसराव आठवड्याला जितके कार्यक्रम सुचवितात, तितके ऐकण्यास हार्बर मार्ग अलिबागपर्यंत वाढवावा लागेल. मला स्वतःला वाटते, की ते पहिल्या अकरा मिनिटांवर निर्णय देतात. परंतु वरिष्ठांपुढे जाणाऱ्या फायलीही कोण शेवटपर्यंत वाचतो?

त्यांचे खरे दुःख निराळेच आहे. सुचविलेला कार्यक्रम कोणी ऐकला नाही, तर त्यांना समाजाच्या अभिरुचीविषयी खेद वाटतो आणि तो खेद त्यांच्या प्रकृतीस मानवतो. परंतु लोकांनी तो खरोखरच ऐकला, आवडला, आणि त्याला तेलाची किंवा गादीची जाहिरात मिळाली, की शिफारसराव सुतकी चेहऱ्याने हिंडू लागतात. ‘अमुक तमुक’ हा मराठी पॉडकास्ट ज्या काळी मोजक्यांच्या कानी होता, त्या काळी त्यांनी त्याची शिफारस शिवाजी नगरपासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या फाटकापर्यंत केली होती. आता त्याची चर्चा लग्नाच्या पंगतीत ऐकू येते, तेव्हा ‘पूर्वीचे भाग बरे होते,’ एवढेच बोलून ते मठ्ठ्याची वाटी पुढे ओढतात. कार्यक्रम करणाऱ्या पोरांनी जाहिरात न घेतल्यास माइकाचा हप्ता कोण भरणार, हा प्रश्न मी एकदा काढून पाहिला. त्यावर ‘विचाराधीन’ असे उत्तर मिळाले.

आणि हा गृहस्थ दुसऱ्याची शिफारस मात्र कधी स्वीकारीत नाही. गेल्या रविवारी देवनारच्या केशकर्तनालयात ते दाढीस बसले असता, वस्तरा गळ्याशी आणून कारागीर आपुलकीने म्हणाला, ‘‘साहेब, एक पॉडकास्ट सांगू का? एकदम भारी आहे, अजून फारसा कोणाला माहीत नाही.’’ दुकानातले आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. शिफारसरावांनी मान तसूभरही न हलविता, फेसातूनच फर्माविले, ‘‘लेखी अर्ज करा.’’