तांब्याचा हंडा आणि माझं नाक

"घरून पाण्याचा नमुना आणा," असं मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा वर्गात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतले, तांबट आळीच्या हाकेच्या अंतरावरचे. तांब्याच्या भांड्यांवरच्या मठारकामाच्या ठोक्यांवर मी पाढे पाठ केलेले. त्यात तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात बरेच जिवाणू तग धरत नाहीत, हे लेक्चरमध्ये ऐकलं आणि आळीचा अभिमान डोक्यातच गेला.

तशी घरात या विषयाला फारशी किंमत नव्हती. ग्रॅम पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह ऐकून आजीला वाटायचं, आम्हाला वाण्याची मापं शिकवतात. हान्स क्रिस्टियन ग्रॅमनं १८८४ साली जिवाणू रंगवायची रीत काढली. मी तिच्यात मुख्यतः स्वतःची बोटं रंगवली. "दहा बोटांनी मतदान केलंस का रे?" असं शेजारचे काका विचारत. आगर म्हणजे चायना ग्रास, आणि ते प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला वापरायचं फॅनी हेस या बाईंना सुचलं ते घरच्या जेलीवरून, हे सांगितल्यावर मात्र आजी म्हणाली, "मग त्या बाईंनाच का नाही शिकवायला बोलावत?"

नमुन्याच्या दिवशी मी बाटली घेऊन घरच्या तांब्याच्या हंड्याकडे निघालो, तर आजी आडवी.

"आंघोळ झाली का?"

"आजी, बाटली एकशेएकवीस अंशांवर पंधरा मिनिटं ऑटोक्लेव्हमध्ये होती!"

"बाटलीची झाली. तुझी झाली का?"

झाली नव्हती. ती देवघरात गेल्यावर मी गुपचूप नमुना घेतला.

लॅबमध्ये आगरच्या तीन प्लेट केल्या: हंड्याची, नळाची आणि कंट्रोल, म्हणजे जिच्यात काहीच उगवायला नको ती. झाकण उघडं धरून मी शेजारणीला तांबट आळीचं माहात्म्य सांगत होतो. चोवीस तासांनी तिन्ही प्लेटवर सारख्याच पिवळसर वसाहती! कंट्रोलवर तर भरघोस पीक. मॅडमनी स्लाइड पाहिली. द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोळे.

"स्टॅफिलोकॉकस दिसतोय. हा पाण्यातला नाही. तुझ्या नाकातला आहे, नाहीतर हाताचा."

जर्नलमध्ये निष्कर्षाखाली लाल शेरा आला: 'पुन्हा करा.' ते काही जमलेलं नाही. घरी खरं काय ते सांगून बसलो, आणि तेव्हापासून आजी मला हंड्याजवळ फिरकू देत नाही.