करगोट्याचा खटला

राज्यघटनेच्या पंचविसाव्या आणि सव्विसाव्या अनुच्छेदांनी प्रत्येकाला धर्म पाळण्याचं आणि प्रत्येक पंथाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. एकाच मूर्तीचा कारभार दोन पंथ पाहू लागले तर काय, हे मात्र घटनाकारांनी शिरपूरवर सोडलं.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचं स्थान. मूर्ती अधांतरी आहे, यावर श्वेतांबर-दिगंबरांचं एकमत. मतभेद तिच्या कमरेपाशी सुरू होतो. श्वेतांबरांना मूर्तीवरच्या लेपात करगोटा आणि कासोटा हवा, दिगंबरांना वस्त्राची खूणही नको. १९०५ मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या आणि देव गिरणी कामगारासारखा पाळ्यांत राबू लागला. १९१० मध्ये वाद कोर्टात गेला. अकोला, नागपूर करत १९२९ मध्ये त्याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने श्वेतांबरांच्या बाजूने लावला. इंग्लंडचा राजा तिथल्या चर्चचाही प्रमुख. तेव्हा त्याच्या सल्लागारांना वऱ्हाडातल्या तीर्थंकराच्या कमरेचं वावडं असण्याचं कारण नव्हतं.

स्वतंत्र भारताचं राज्य कुठल्याच चर्चचं नाही, त्यामुळे त्याला अधिक काळजी घ्यावी लागली. वाद पुन्हा पेटला आणि १९८१ पासून मंदिराला कुलूप लागलं. दोन्ही पंथांना समान वागणूक देण्याची याहून सोपी रीत नाही. भाविक झरोक्यातून दर्शन घेत राहिले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. जिल्हाधिकारी बदलला, कुलूप तेच राहिलं.

राज्य सगळीकडे इतकं अलिप्त राहतं असं नाही. विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर घेता येत नाही, असं सत्ताविसावा अनुच्छेद सांगतो. म्हणून सरकार देवाला पैसे देत नाही, वारशाला आणि पर्यटनाला देतं. याच जिल्ह्यात पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी केलं. विधानसभेचं मतदान पुढच्याच महिन्यात होतं, हा पंचांगाचा योग. शिरपूरच्या देवापाशी असा योग जुळवण्याइतकी मतं नसावीत.

त्याला सर्वोच्च न्यायालयाची वाट पाहावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने श्वेतांबरांना लेपाची मुभा दिली, मार्चमध्ये दार उघडलं, आणि काही दिवसांतच अहिंसेचे दोन्ही उपासक हातघाईवर आले. लेप कोणी लावायचा हे न्यायालयाने सांगितलं होतं; आत आधी कोणी जायचं, ते पोलिसांनी सांगितलं.